फाया मासिक कोणी वाचतंय का? ब्लॅक लेखकांचं वेगळं सायफाय-फँटसी मासिक कशासाठी?

शब्दभूक

नमस्कार मंडळी, सायफाय, फँटसी, भयकथा असलं सगळं आवडीने वाचणाऱ्यांना एक विचारायचंय. २०१८ ला ब्लॅक पँथर बघितला, आवडला, मग कोणीतरी म्हणलं की हे खरं वाचायचं असेल तर ऑक्टेव्हिया बटलरपासून सुरुवात कर, म्हणून किंड्रेड वाचली. १९७९ ची कादंबरी. १९७६ सालची कॅलिफोर्नियातली एक ब्लॅक बाई अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये जाऊन पडते, परत येते, परत ओढली जाते. टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टी मी शाळेपासून वाचतोय, मराठीतल्या पण आणि इंग्रजीतल्या पण, आणि त्यातला प्रवासी कुठल्याही शतकात उतरला तरी आरामात हिंडतो, त्याला कोणी पकडून बाजारात विकेल ही शक्यताच कथेत नसते. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते पुस्तक वाचल्यावर आधीची सगळी टाइम ट्रॅव्हल वेगळी दिसायला लागली.

तर तिथून पुढे शोधता शोधता फाया सापडलं. अमेरिकेतून निघतं, वर्षाला चार अंक, फक्त आफ्रिकन वंशाच्या लेखकांच्या सायफाय, फँटसी, भय वगैरे कथा आणि कविता. वर्गणी भरायचा विचार आहे. पण माझा एक मित्र, तो पण भरपूर वाचणारा, तो म्हणतो की चांगली कथा ही चांगली कथा असते, संपादकाला मेलवर लेखकाचा रंग थोडीच दिसतो, मग वेगळं मासिक काढून वेगळा कप्पा कशाला करायचा. मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही पण त्याचं पटलं पण नाही. कोणी वाचत असेल तर सांगा, हे मासिक का निघालं, आणि आपल्यासारख्या लांबच्या वाचकाने कुठून सुरुवात करावी?

अटलांटावासी

धाग्याबद्दल धन्यवाद शब्दभूक! मी फाया पहिल्या वर्षापासून वाचतेय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

१९२६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काही तरुण ब्लॅक लेखक-चित्रकारांनी मिळून फायर नावाचं मासिक काढलं. वॉलेस थर्मन संपादक, बरोबर लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, ग्वेंडोलिन बेनेट, रिचर्ड ब्रूस नुजेंट, आणि चित्रं आरन डग्लसची. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या बऱ्याच मोठ्या मंडळींचं म्हणणं असायचं की आपल्या साहित्यातून आपला समाज सुसंस्कृत, प्रतिष्ठित दिसला पाहिजे, म्हणजे गोरे लोक आपल्याला मान देतील. ह्या पोरांना ते नको होतं. त्यांना गरिबांची बोली, समलिंगी प्रेम, आपल्याच लोकांमधला गोऱ्या-काळ्या कातडीचा भेदभाव, सगळं लिहायचं होतं आणि कोणाला काय वाटेल ह्याचा विचार न करता लिहायचं होतं. एकच अंक निघाला. पैसे संपले, थर्मन पुढची काही वर्षं त्याचं कर्ज फेडत होता, आणि न विकलेल्या प्रतींचा मोठा गठ्ठा आगीत जळून गेला. नाव फायर आणि शेवट आगीत, हे इथे साहित्याच्या वर्गात शिकवतात तेव्हा मुलांना खरंच वाटत नाही.

फाया हे त्याच फायरला आठवून ठेवलेलं नाव, ब्लॅक लोकांच्या बोलण्यातला उच्चार. पहिला अंक जानेवारी २०१७ ला आला, विषय होता पुनर्जन्म. ट्रॉय विगिन्स, जस्टिना आयर्लंड, एल. डी. लुईस, पी. जेली क्लार्क वगैरे मंडळी सुरुवातीपासून होती.

आता का काढलं ते. २०१६ च्या जुलैमध्ये फायरसाईड नावाच्या दुसऱ्या एका कथा-मासिकाने एक अहवाल छापला. त्यांनी २०१५ ह्या एका वर्षात ६३ सायफाय-फँटसी मासिकांत आलेल्या २०३९ नव्या कथा धरल्या आणि त्यातल्या ब्लॅक लेखकांच्या किती ते मोजलं. ३८ निघाल्या. २०३९ मध्ये ३८, म्हणजे दोन टक्के पण नाही, आणि अमेरिकेच्या लोकसंख्येत ब्लॅक लोक साधारण १३ टक्के आहेत. अर्ध्याहून जास्त मासिकांनी तर वर्षभरात ब्लॅक लेखकाची एकही कथा छापली नव्हती. आणि हे सगळं त्याच काळात जेव्हा एन. के. जेमिसिन ह्या ब्लॅक लेखिकेला कादंबरीचं ह्यूगो, म्हणजे सायफाय-फँटसीतला अगदी मानाचा पुरस्कार, मिळत होतं (२०१६, १७, १८, सलग तीन वर्षं, असं आधी कोणालाच मिळालं नव्हतं). म्हणजे वरच्या टोकाला एक नाव चमकतंय आणि खाली जिथे नवीन लेखक पहिली कथा छापून आणायची धडपड करतो तिथे दार जवळपास बंद. सायफायमध्ये करिअर सहसा लघुकथेपासून सुरू होतं, मासिकात कथा येते, मग एजंट बघतो, मग कादंबरी. त्यामुळे मासिकांचं दार बंद म्हणजे पुढचं सगळंच बंद.

तुमच्या मित्राच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट सांगते. सॅम्युअल डिलेनी हा १९६० च्या दशकातला अगदी आघाडीचा लेखक, पंचविशीत दोन नेब्युला (सायफायचा दुसरा मोठा पुरस्कार) मिळवलेला. १९६७ ला त्याची नोव्हा ही कादंबरी त्याच्या एजंटने क्रमशः छापण्यासाठी जॉन कॅम्पबेलकडे पाठवली. कॅम्पबेल म्हणजे त्या वेळचा सगळ्यात वजनदार सायफाय संपादक, अर्ध्या प्रसिद्ध लेखकांना त्यानेच घडवलं असं म्हणतात. डिलेनीने नंतर लिहिलंय की कॅम्पबेलने फोन करून एजंटला सांगितलं, कादंबरी चांगली आहे पण आमच्या वाचकांना ब्लॅक नायक जवळचा वाटणार नाही. बघा, इथे लेखकाचा रंग बघायची गरजच पडली नाही, कथेतला माणूस बघूनच नकार आला. अंतराळयानाचा कप्तान होता तो, ३२ व्या शतकातला!

आकडेमोड

माहितीपूर्ण प्रतिसाद, पण मला शब्दभूक यांच्या मित्राची बाजू थोडी मांडू द्या, कारण ती इतकी सहज सोडून देण्यासारखी नाही.

३८ हा आकडा धक्कादायक आहेच. पण तो छापलेल्या कथांचा आहे. आलेल्या कथा किती होत्या, त्यात ब्लॅक लेखकांच्या किती, हे कळल्याशिवाय संपादकांनी डावललं असं म्हणता येत नाही. कदाचित पाठवणारेच कमी असतील, आणि मग उपाय वेगळा निघतो, शाळा-कॉलेजात प्रोत्साहन द्या, कार्यशाळा घ्या वगैरे.

दुसरं म्हणजे नाव झाकून निवड करणं हा सरळ मार्ग आहेच की. आपल्याकडचंच उदाहरण, १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कृष्णविवर ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना नाव माहीत नव्हतं, कथा बोलली. हेच तत्त्व सगळीकडे लावा, मग कोणाला वेगळं मासिक काढावं लागणार नाही. वेगळं मासिक काढलं की मोठ्या मासिकांना बरंच होतं, ते म्हणतील तुमच्या कथा तिकडे पाठवा. मला ह्याची खरंच काळजी वाटते, वाद घालायचा म्हणून म्हणत नाहीये.

रानजाई

आकडेमोड, तुमची काळजी मनापासून आहे हे कळतंय म्हणून मी पण नीट उत्तर देते.

नारळीकरांचं उदाहरण घेऊ. त्यांनी नाव झाकलं कारण नाव फार मोठं होतं, त्या नावाच्या वजनामुळे बक्षीस मिळालं असं होऊ नये म्हणून. आणि कथेचा विषय, तिची भाषा, तिचे संदर्भ हे परीक्षकांच्या ओळखीच्या जगातलेच होते. आता उलटं बघा. समजा एखाद्या मुलीने कथा लिहिली, त्यात आजी मुळ्या-पाला उकळून घरातल्या भुताला शांत करते, सगळे संवाद मिसिसिपीच्या ब्लॅक बोलीत आहेत, चर्चमधलं गाणं मध्येच येतं आणि त्याचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. ह्या कथेवरचं नाव तुम्ही झाकलं तरी काय झाकलं? प्रत्येक ओळ सांगतेय कुठून आलीय ती. आणि नकार येतो तो पण सभ्य भाषेत येतो, पात्राशी जोडला गेलो नाही, भाषा अडखळवते, थोडं स्पष्टीकरण हवं होतं. कॅम्पबेल म्हणाला ते हेच.

माझ्या मते फायाचं महत्त्व इथे आहे. त्या टेबलावर बसलेला संपादक आजीला ओळखतो. त्याला बोलीचं व्याकरण समजावून द्यावं लागत नाही. मग लेखकाची जी निम्मी ताकद समजावण्यात जाते ती कथेत जाते. आणि तोच संपादक हे पण सांगू शकतो की बाई, आजीचं हे पात्र फार वेळा येऊन गेलंय, नवीन काहीतरी कर. बाहेरचा संपादक एकतर आजीला नाकारतो नाहीतर अप्रूप म्हणून तशीच छापतो, कथा सुधारून घेणं त्याला जमत नाही. वेगळं मासिक म्हणजे सवलतीचा कोपरा असं समजतात लोक, मला तर वाटतं कडक संपादन तिथेच होतं.

हे आपल्याला कळायला खरं तर अमेरिकेला जायची गरज नाही. साठच्या दशकाच्या शेवटी औरंगाबादला गंगाधर पानतावण्यांनी अस्मितादर्श सुरू केलं तेव्हा काय स्थिती होती? मराठीत नियतकालिकं कमी नव्हती, सत्यकथा होतं, दिवाळी अंक होते, पण दलित लेखकाची भाषा त्यांच्या कानाला खडबडीत लागायची. अस्मितादर्शने त्या लेखकांना पान दिलं, मेळावे घेतले, वाद घातले, आणि एक अख्खी पिढी लिहिती झाली. ते कोपऱ्यात राहिले का? उलट मराठी साहित्यच बदललं. पाठवणारेच कमी होते हा तुमचा मुद्दा पण इथे लागू होतो, दार उघडं दिसल्यावर पाठवणारे वाढले!

आणि हे दोन समाज एकमेकांकडे फार आधीपासून बघतायत. जोतीरावांनी १८७३ ला गुलामगिरी अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीत किती साम्य आहे असं म्हणून, आणि त्याच वर्षी डु बॉइसचं उत्तर पण आलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून आलं हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते की ह्याच डु बॉइसने सायफाय कथा पण लिहिलीय. १९२० ची, धूमकेतू नावाची. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडतं आणि उरतात एक ब्लॅक पुरुष आणि एक श्रीमंत गोरी बाई, आणि शहर रिकामं झाल्यावर त्यांच्यातली भिंत काही वेळापुरती पडते. मग शहराबाहेरची माणसं परत येतात आणि भिंत पण. शंभर वर्षांपूर्वीची कथा आहे ही. समाजशास्त्राचा एवढा मोठा माणूस, त्याला सुद्धा एक गोष्ट सांगायला जग संपवून बघावं लागलं.

शब्दभूक

रानजाई ताई, वाचनखूण साठवलीय! डु बॉइसच्या कथेबद्दल काहीच माहीत नव्हतं, आंबेडकरांच्या पत्रामुळे फक्त नाव ऐकून होतो.

आता पुढचा प्रश्न. फायाच्या अंकांना विषय असतात असं दिसतंय, तर एखादा अंक सुचवा. आणि अमेरिकेतले ब्लॅक लेखक आणि प्रत्यक्ष आफ्रिकेतले लेखक हे सगळं एकच धरायचं का? मला त्यातलं फारसं कळत नाही.

अटलांटावासी

विषयांपैकी माझी पहिली शिफारस २०१७ च्या तिसऱ्या अंकाची, सनडाऊन टाऊन्स. विषय समजून घेतला तर अंक जास्त भिडेल म्हणून थोडं सांगते.

अमेरिकेत अशी गावं होती, आणि थोडीथोडकी नाही, जिथे ब्लॅक माणसाने सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं. काही ठिकाणी वेशीवर चक्क पाटी असायची. लोकांना वाटतं हे फक्त दक्षिणेत, पण इलिनॉय, इंडियाना असल्या उत्तरेकडच्या राज्यांत अशी खूप गावं होती. दिवसा काम करायला या, भांडी घासा, शेतात राबा, पण अंधार पडल्यावर दिसलात तर जिवाची खात्री नाही. म्हणूनच तर हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ पासून ग्रीन बुक काढायला सुरुवात केली, गाडीने फिरणाऱ्या ब्लॅक कुटुंबाला कुठे मुक्काम करता येईल, कुठे पेट्रोल मिळेल, कुठे जेवायला बसू देतील ह्याची यादी. ते १९६० च्या दशकापर्यंत निघत होतं.

आता विचार करा, नेहमीच्या भयकथेत संध्याकाळ झाली की काय होतं? गाव सुरक्षित असतं आणि जंगलातून काहीतरी येतं, गावकरी दारं लावून घेतात. सनडाऊन टाऊनमध्ये हे सगळं उलटं आहे. गावच तो राक्षस आहे, दिवे लागलेली घरं, पोर्चवर बसलेली माणसं, त्यांच्यापासून पळायचंय, आणि जंगल कदाचित आसरा देईल. भयकथेचा अख्खा नकाशाच फिरतो. हा विषय एखाद्या सर्वसाधारण मासिकाने अंकभर घेतला असता का, मला शंका आहे, आणि घेतला असता तरी आधी दोन पानांची प्रस्तावना लागली असती.

त्यानंतर पाचवा अंक घ्या, ब्लॅक लोकांच्या अशा इतिहासाचा जो प्रत्यक्षात घडलाच नाही. पुढे एक केसांवर पण अंक होता, आख्खा अंक केस ह्या विषयावर, ज्या लोकांना नोकरीत, शाळेत केसांवरून बोललं गेलंय त्यांनाच सुचेल असा विषय. मुखपृष्ठं पण बघा. पहिल्या वर्षाची मुखपृष्ठं जिनिव्हा बेंटनची होती, तिला २०१८ चं ह्यूगो मिळालं चाहत्या-चित्रकारांच्या गटात. ब्लॅक मुली जादू करतायत, ढगांत आहेत, आणि त्यांच्या कातडीचे इतके वेगवेगळे तपकिरी रंग, मी तर पहिल्या अंकाचं चित्र कितीतरी वेळ बघत बसले होते.

रानजाई

सनडाऊन टाऊनवरून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या त्यांच्या पुस्तकात नोंदवलंय की पेशवाईत महार-मांगांना दुपारी ३ नंतर आणि सकाळी ९ च्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता, कारण त्या वेळांत सावल्या लांब पडतात आणि सावली कोणावर पडली तर विटाळ. सूर्य कुठे आहे त्यावरून माणसाने गावात असायचं का नाही हे ठरायचं. इलिनॉय आणि पुणे.

एवढी भयानक, एवढी अद्भुत वाटणारी खरी गोष्ट आपल्याकडे पडून आहे आणि तिच्यावर मराठी भयकथा कुठे आहे? आपल्याकडे दलित साहित्य कवितेत आलं, आत्मकथनात तर प्रचंड ताकदीने आलं, कथा-कादंबरीत आलं, पण विज्ञानकथा आणि अद्भुतकथेत फार कमी. माझ्या मते एक कारण असं की दलित लेखकाकडून सगळे फक्त साक्ष मागतात. तुझ्यावर काय गुदरलं ते सांग. त्याने ३२ व्या शतकातली गोष्ट सांगितली तर ऐकणारा कोण? चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने अलीकडे जातीविरोधी सायफायचा संग्रह इंग्रजीत काढलाय, तो बघून मला फार बरं वाटलं, आता मराठीत कोणीतरी हे करावं असं मनापासून वाटतं. सावल्या मोजणाऱ्या वेशीची कथा कोणीतरी लिहाच.

लागोसकर

मी कामानिमित्त बरीच वर्षं नायजेरियात आहे, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

सगळं एकच धरू नका. नायजेरियातल्या मुलाला सनडाऊन टाऊनची भीती वारशात मिळालेली नसते, त्याच्या आजूबाजूला सगळेच काळे आहेत, त्याच्या भीती वेगळ्या, वीज जाणं, तेलाने नासलेल्या खाड्या, लष्करी राजवटीच्या आठवणी, आणि देव-पितर पण वेगळे, योरुबांचे वेगळे, इग्बोंचे वेगळे. न्नेडी ओकोराफोरसारखी लेखिका स्पष्ट सांगते की तिच्या कथांच्या भविष्याचं केंद्र आफ्रिका आहे, अमेरिका नाही. तिच्या आईवडिलांचं मूळ नायजेरियाचं, ती वाढली अमेरिकेत, म्हणजे दोन्ही बाजू बघून ती हे म्हणते. २०१६ ला तिच्या बिंटीला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळालं.

इथलं स्वतःचं मासिक आहे ऑमेनाना, २०१४ ला माझी न्वॉन्वू आणि चिनेलो ओन्वालू अशा नावांच्या दोन लेखकांनी सुरू केलं, आफ्रिकन लेखकांच्या सायफाय-फँटसी कथा, आणि नेटवर फुकट वाचता येतात. शब्दभूक, वर्गणीच्या आधी तिथे डोकावून या. नंतर आफ्रिकन लेखकांची स्वतःची संघटना झाली, २०१७ पासून नॉमो नावाचे पुरस्कार द्यायला लागले, मालीतल्या डोगोन लोकांच्या पुराणातल्या देवतांचं नाव आहे ते.

तरी पण फाया इथल्या लेखकांसाठी महत्त्वाचं आहे, कारण ते सगळ्या आफ्रिकन वंशाच्या लेखकांना खुलं आहे, मग तो लागोसचा असो, जमैकाचा नाहीतर लंडनचा. आणि पैसे देतात. मानधन त्यांनी वाढवत वाढवत शब्दाला ८ सेंटवर नेलं, अमेरिकन सायफाय लेखकांची संघटना ज्याला व्यावसायिक दर मानते तेवढं. ५००० शब्दांच्या कथेचे ४०० डॉलर. लागोसमध्ये नोकरी करून रात्री लिहिणाऱ्या पोराला हे किती होतात ते इथे राहिल्यावरच कळतं, शिवाय त्या दराला कथा विकली की पुढे बायोडेटात ती मोजली जाते. साहित्यावर बोलताना आपण पैशाचं बोलत नाही, पण ज्या मासिकाने लेखकाला नीट पैसे दिले त्याच्यासाठी लेखक जीव तोडून लिहितो हे मी बघितलंय.

अजून एक, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोविडमुळे सगळी संमेलनं बंद होती तेव्हा ह्या मंडळींनी फायाकॉन नावाचं ऑनलाइन संमेलन घेतलं, गोरे नसलेल्या सगळ्या लेखकांना मध्यभागी ठेवून, आणि अमेरिकेबाहेरच्या वेळांना जमतील असे वेगळे कार्यक्रम पण ठेवले. आफ्रिका-आशियातल्या माणसाला पहाटे ३ ला उठून ऐकावं लागत नाही अशी व्यवस्था मुद्दाम केलेली मी तरी पहिल्यांदा बघितली. इग्नाइट पुरस्कार पण तेव्हाच सुरू केले. आणि नंतर लेखकांना अनुदानं द्यायला लागले, त्यातलं एक चक्क विश्रांतीसाठी आहे, चळवळीत राबून दमलेल्या लेखकाने थोडं थांबावं म्हणून.

आकडेमोड

रानजाई, आजीच्या कथेवरचं नाव झाकून काय झाकलं, हा मुद्दा मान्य. नाव झाकून भागत नाही हे पटलं.

मोठ्या मासिकांना आयती सबब मिळेल हा माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. त्याचं काय झालं? फाया निघाल्यावर बाकीच्या मासिकांचा आकडा हलला का?

अटलांटावासी

हलला. तो अहवाल पुढची दोन वर्षं पण झाला आणि दरवर्षी टक्केवारी थोडी थोडी वर गेली, लोकसंख्येच्या मानाने कमीच, पण वर. सगळं श्रेय फायाचं असं मी म्हणणार नाही, अहवालाची लाज पण होती. पण फायात पहिली कथा आलेले लेखक नंतर मोठ्या मासिकांत आणि पुस्तकांत दिसायला लागले हे खरं आहे. फायाला स्वतःला २०१८ ला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला आणि २०२१ ला मासिकांच्या गटातलं ह्यूगो. डिलेनीला नकार देणाऱ्या कॅम्पबेलच्या नावाने नवीन लेखकांना जो पुरस्कार द्यायचे त्याचं नाव २०१९ मध्ये बदललं. आणि फँटसी अँड सायन्स फिक्शन हे १९४९ पासूनचं नावाजलेलं मासिक, त्याच्या संपादकपदी २०२० मध्ये शेरी रेनी थॉमस आल्या, ब्लॅक लेखकांच्या सायफायचा पहिला मोठा संग्रह २००० साली ज्यांनी काढला त्या. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, स्वतःचं टेबल पण आणि मोठ्या टेबलावरची खुर्ची पण. सबब सांगणारे असतीलच, पण सबब सांगणारे २०१५ ला पण होते, तेव्हा फाया नव्हतं.

प्राजक्ता_एमए

खूप छान चर्चा! मी इंग्रजीत एमए करतेय आणि मला ह्यातली एखादी कथा मराठीत करून दिवाळी अंकाला द्यायची फार इच्छा आहे. परवानगी कोणाकडे मागायची, मासिकाकडे की लेखकाकडे? आणि बोलीचं काय करायचं? वऱ्हाडी किंवा मालवणीत टाकलं तर चालेल का?

लागोसकर

परवानगी लेखकाकडे. अशा मासिकांत पहिल्या प्रसिद्धीनंतर ठराविक काळाने हक्क सहसा लेखकाकडे परत येतात, त्यामुळे लेखकाच्या वेबसाइटवरून त्याला किंवा त्याच्या एजंटला सरळ मेल करा, कुठला अंक, खप साधारण किती, मानधन देणार का, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये लिहा. मानधनाचं संपादकाशी आधी बोलून घ्या. नवीन लेखक बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात, पण न विचारता छापू नका, अगदी छोटा अंक असला तरी.

रानजाई

प्राजक्ता, बोलीबद्दल माझं मत, वऱ्हाडी-मालवणीत टाकू नकोस. वाचकाला लगेच विदर्भ नाहीतर कोकण दिसेल आणि मिसिसिपी गायब होईल. साधी बोलती मराठी ठेव, वाक्यं तोडकी ठेव, लय सांभाळ, आणि खाण्याचे, गाण्याचे, पूजेचे शब्द मूळचेच ठेव, तळटीप न देता. वाचक दोन पानांत सरावतो. पहिला खर्डा झाला की मला विपू कर (विचारपुशीत निरोप टाक), मी वाचून देईन.